दुमड

माय माप घेते माणसाला निजवून.
सारवलेल्या अंगणात उताणं पाडते गिऱ्हाईक,
सरपंचाचा पोरगा असो की बांगड्यावाली,
आणि विटकरीच्या तुकड्यानं
डोक्याशी एक रेघ, टाचेशी एक.
टेप आहे की माझ्याकडे,
बचत गटाच्या मशीनसोबत आलेला.
"टेपले काय समजते," म्हणते माय,
"कोन पाय पोटात घेऊन निजते अन् कोन ताठ."

खुशाल निकोडे आला तेव्हा अठराचा होता.
भरतीसाठी यवतमाळला चौघांत खोली केलेली,
फरशी थंड.
बगलेत गठुडं: आईची दोन लुगडी, शाळेची खाकी पँट,
कबड्डीचा जांभळा बनियन, पाठीवर सात.
निजला रेघांच्या मधे श्वास रोखून,
जशी काही उंची श्वासातच असते.
"सोड बापा, सोड. वाकयीत श्वास सोडूनच निजतेत."
मग टाचेच्या रेघेपुढे
तिनं हातानं एक वीत मोजली
आणि तिसरी रेघ ओढली.
"हे कायले, काकू?"
"अजून वाढशीन ना तू."

वेचणीचे दिवस. माय रात्री शिवायची.
चार कोपऱ्यांवर चार दगड, एक त्यातला वरवंटा.
टेरिकॉट सुईखालून सरकतं,
नायलॉन गाठ धरत नाही,
सुती तेवढं एका सांगण्यात ऐकतं.
गावाच्या चारी बाजूंना कापूस फुटलेला
आणि गठुड्यात सुती हुडकावं लागतं.
कडेकडेनं आत, आणखी आत,
चौकोनाच्या पोटात चौकोन,
मधोमध पोचली की दोरा दातानं तोडते
आणि थोडा वेळ कोणाशी बोलत नाही.
पायथ्याला तिनं वितभर जांभळं आत दुमडलं,
लांब कच्चे टाके,
ओढले की सुटतील असे.

तीन भरत्या गेल्या.
खुशाल आला सायकलला वाकळ बांधून.
धावण्यात पास, गोळ्यात पास,
पट्टीखाली दीड सेंटिमीटर कमी.
तिन्ही वेळा दीडच.
टाकीच्या शिडीला लटकून झालं.
सकाळी माणूस बोटभर लांब असतो म्हणाले,
तर अंथरुणातून उठून सरळ मैदानावर, तेही झालं.
आता पांढरकवड्याला जिनिंगवर गाठी मोजतो.
डब्याला पिशवी पाहिजे होती.
"त्या दुमडीतून काढ, ताई," मला म्हणाला,
"नाइ लागत आता ती."

मायनं वाकळ पसरली, टोक धरून दोरा ओढला.
टाके सगळे एका ओढीत आले.
वरचं कापड धुऊन धुऊन राखेच्या रंगावर गेलेलं,
आतलं जांभळं मात्र
मैदानात उतरायच्या आदल्या दिवसाचं.
तिनं ते हातानं दाबून सपाट केलं.
"निज."
"आता काय मोजतं, काकू?"
हसला, पण निजला.
माय टाचेशी बसली. वीत टाकली.
पुन्हा टाकली.
"बोटभर वाढला तू," म्हणाली,
"तेवढं ठेवा लागते."
वीत टाकताना माय अंगठा कुठं दाबते
हे मला लहानपणापासून माहीत आहे.
मी काही म्हटलं नाही.

बोटभर सोडून कापलं.
सातचा अर्धा आकडा बाहेरच्या बाजूला आला, येऊ दिला.
खाली खाकीचं अस्तर,
बंदांच्या मुळाशी चौकोन आणि चौकोनात फुली,
पाच किलो ज्वारी धरून लोंबकळली तरी निघणार नाही.
बंद किती लांब ठेवू, ते तेवढं राहिलं होतं.
"उभा राय," म्हटलं, "खांद्यापासून घेते."
तो उभा राहिला भिंतीला टाचा लावून,
हनुवटी वर,
श्वास आत.
टेपवर आकडा आला.
मोठ्यानं वाचला नाही,
खडूनं कापडाच्या उलट्या बाजूला मांडला
आणि पायडलवर पाय ठेवला.